भारतातील सैद्धांतिक पुंज भौतिकीमधील पीएच.डी. संशोधन

पुंज यामिकी आणि तिच्यावर उभारलेले सिद्धांत यांचा गणित व संगणन यांच्या साहाय्याने अभ्यास करून विद्यावाचस्पती पदवीसाठी केल्या जाणाऱ्या संशोधनाला सैद्धांतिक पुंज भौतिकीमधील पीएच.डी. संशोधन असे म्हणतात. ‘पुंज’ ही ‘क्वांटम’ या शब्दासाठी रूढ असलेली मराठी संज्ञा असून आधुनिक लेखनात दोन्ही शब्द वापरले जातात. भारतात हे संशोधन अणुऊर्जा विभागाच्या अनुदानित संस्था, भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, भारतीय तंत्रज्ञान संस्था तसेच केंद्रीय व राज्य विद्यापीठे यांत चालते. प्रवेश राष्ट्रीय पातळीवरील लेखी परीक्षा व मुलाखतीद्वारे होतो. संशोधकाला अधिछात्रवृत्ती मिळते आणि पदवी पूर्ण होण्यास साधारणतः पाच ते सहा वर्षे लागतात.

या शाखेला प्रयोगशाळा लागत नाही. फळा, कागद, संगणक आणि ग्रंथालय एवढीच तिची सामग्री असल्यामुळे ती तुलनेने अल्प खर्चात करता येते. मात्र अनुभवी मार्गदर्शक व त्याचा वेळ या गोष्टी मोजक्याच ठिकाणी उपलब्ध असल्याने जागांची संख्या मर्यादित राहते.

स्वरूप

सैद्धांतिक संशोधक उपकरणांच्या साहाय्याने मापन करीत नाही. एखाद्या भौतिक प्रणालीचे गणिती प्रतिमान तयार करणे, त्याची समीकरणे सोडवणे, त्यातून निघणारी भाकिते प्रयोगांच्या निष्कर्षांशी ताडून पाहणे आणि सिद्धांताच्या आंतरिक सुसंगतीची तपासणी करणे हे त्याचे काम असते. या क्षेत्राच्या प्रमुख उपशाखा पुढीलप्रमाणे आहेत :

• पुंज क्षेत्र सिद्धांत व मूलकण भौतिकी
• तंतू सिद्धांत व पुंज गुरुत्वाकर्षण
• बहुकण प्रणाली व घन अवस्था भौतिकी
• पुंज माहितीशास्त्र व पुंज संगणन
• पुंज प्रकाशिकी
• पुंज यामिकीचे मूलाधार, विशेषतः मापनाचा प्रश्न

बहुकण प्रणालींच्या उदाहरणावरून या क्षेत्रातील अडचणीची कल्पना येते. प्रत्येकी दोन अवस्था असलेल्या कणांच्या प्रणालीचे संपूर्ण वर्णन करण्यासाठी लागणाऱ्या संख्या प्रत्येक नव्या कणागणिक दुप्पट होतात. दहा कणांसाठी १,०२४ संख्या पुरतात, चाळीस कणांसाठी सुमारे १.१ लाख कोटी संख्या लागतात आणि तीनशे कणांसाठी लागणाऱ्या संख्या दृश्य विश्वातील अणूंच्या अंदाजित संख्येहूनही अधिक होतात. त्यामुळे केवळ मोठा संगणक वापरून असे प्रश्न सुटत नाहीत. कोणती माहिती वगळली तरी उत्तर बिघडणार नाही, हे ओळखावे लागते. या शाखेतील अनेक प्रबंधांचा गाभा अशा योग्य सन्निकटनाच्या शोधात असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पुंज भौतिकीच्या जडणघडणीत पीएच.डी. प्रबंधांना महत्त्वाचे स्थान आहे. द्रव्यकणांनाही तरंगरूप असते ही कल्पना ल्वी द ब्रॉग्ली यांनी १९२४ साली पॅरिस येथे सादर केलेल्या प्रबंधात मांडली व तिच्यासाठी त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पॉल डिरॅक यांनी १९२६ साली केंब्रिज विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधाचा विषय पुंज यामिकी हाच होता. त्यांचे मार्गदर्शक राल्फ फाउलर हे होते.

भारतात मात्र या विषयाचा आरंभ पीएच.डी.विना झाला. ढाका विद्यापीठात अध्यापन करणारे सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली प्रकाशकणांच्या सांख्यिकीवरील आपला शोधनिबंध आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याकडे पाठविला. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मन भाषेत अनुवादित करून प्रसिद्धीस दिला. या कार्यातून बोस–आइन्स्टाइन सांख्यिकी उदयास आली आणि त्या सांख्यिकीचे पालन करणाऱ्या कणांना पुढे ‘बोसॉन’ हे नाव मिळाले. बोस यांनी पीएच.डी. पदवी कधीही घेतली नाही. ढाका येथील प्राध्यापकपदासाठी आइन्स्टाइन यांचे शिफारसपत्र त्यांना उपयोगी पडले.

त्यानंतरच्या पिढीतील होमी भाभा यांनी केंब्रिजमध्ये फाउलर यांच्याच मार्गदर्शनाखाली १९३५ साली पीएच.डी. मिळविली. १९३९ साली सुटीनिमित्त भारतात आले असता दुसरे महायुद्ध सुरू झाल्यामुळे ते येथेच राहिले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. तेथे हरीश-चंद्र या तरुणाने त्यांच्यासोबत काम केले. हरीश-चंद्र १९४५ साली केंब्रिजला गेले व १९४७ साली डिरॅक यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली. पुढे ते गणिताकडे वळले आणि विसाव्या शतकातील अग्रगण्य गणितज्ञांपैकी एक ठरले. फाउलर, डिरॅक, भाभा व हरीश-चंद्र या नावांमधील गुरु-शिष्यसंबंधांवरून या क्षेत्रात मार्गदर्शकाचे स्थान किती मध्यवर्ती असते हे दिसते.

प्रगत संशोधनासाठी भारतीय विद्यार्थ्यांना परदेशी जावे लागू नये हा भाभा यांचा एक हेतू होता. १९४४ साली त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत भौतिकीच्या संशोधनासाठी संस्था काढण्याचा प्रस्ताव मांडला. त्यातून १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजेच टीआयएफआर, स्थापन झाली. बंगळूर येथे सुरू झालेली ही संस्था त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ या वास्तूत आली. कुलाब्यातील तिच्या इमारतीचे उद्‌घाटन १९६२ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले.

ई. सी. जी. सुदर्शन यांनी १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात याच संस्थेत काम केले. त्यानंतर अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात रॉबर्ट मार्शाक यांचे विद्यार्थी म्हणून त्यांनी दुर्बल आंतरक्रियांच्या सिद्धांतात मोलाची भर घातली. बैद्यनाथ मिश्र यांच्यासह १९७७ साली त्यांनी मांडलेला पुंज झेनो परिणाम विशेष प्रसिद्ध आहे. एखाद्या अस्थिर प्रणालीचे सतत निरीक्षण केल्यास तिच्यातील बदल खुंटतो, असे हा परिणाम सांगतो.

प्रमुख संस्था

महाराष्ट्र

मुंबईच्या टीआयएफआरमधील सैद्धांतिक भौतिकी विभाग हा देशातील या विषयाच्या जुन्या केंद्रांपैकी एक आहे. संस्थेला २००२ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यापूर्वी तेथील अनेक संशोधकांच्या पदव्या मुंबई विद्यापीठामार्फत दिल्या जात. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या भौतिकी विभागातही या विषयाचे संशोधन होते.

पुण्यात १९८८ साली आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच आयुका, स्थापन झाले. जयंत नारळीकर हे त्याचे संस्थापक संचालक होते. नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली टीआयएफआरमध्ये पीएच.डी. केलेले थाणू पद्मनाभन यांनी पुढे आयुकात राहून पुंज सिद्धांत व गुरुत्वाकर्षण यांच्या संबंधावर दीर्घकाळ संशोधन केले. २००६ साली पुण्यातच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था सुरू झाली. पुंज तंत्रज्ञानाला वाहिलेले राष्ट्रीय नवोन्मेष केंद्र तिच्या परिसरात आहे.

इतर राज्ये

अल्लादी रामकृष्णन यांनी १९६२ साली स्थापन केलेली चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था, प्रयागराज येथील हरीश-चंद्र संशोधन संस्था, कोलकात्याचे सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्र, बंगळूरमधील भारतीय विज्ञान संस्था व रामन संशोधन संस्था आणि टीआयएफआरचे बंगळूर येथील आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्र या प्रमुख संस्था आहेत. यांपैकी चेन्नई व प्रयागराज येथील संस्थांच्या पदव्या मुंबईस्थित होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठामार्फत दिल्या जातात.

पात्रता व प्रवेश

भौतिकशास्त्रातील पदव्युत्तर पदवी ही नेहमीची पात्रता आहे. गणित वा अभियांत्रिकीची पार्श्वभूमी असलेल्या उमेदवारांनाही काही संस्था प्रवेश देतात. बी.एस्सी.नंतर थेट प्रवेश देणारे एकात्मिक पीएच.डी. अभ्यासक्रम भारतीय विज्ञान संस्था, टीआयएफआर आणि पुण्याची भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था येथे चालविले जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या विनियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांसह प्राप्त केलेले विद्यार्थीही पीएच.डी.साठी पात्र ठरतात. याच विनियमांनी एम.फिल. पदवी बंद केली.

प्रवेशासाठी पुढील परीक्षा महत्त्वाच्या आहेत :

• नेट : वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांची संयुक्त परीक्षा. भौतिक विज्ञानाची प्रश्नपत्रिका तीन तासांची व २०० गुणांची असते. ७५ प्रश्नांपैकी कमाल ५५ सोडवायचे असतात व चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. अधिछात्रवृत्तीसाठीची निवडही हीच परीक्षा करते.
• जेस्ट : भौतिकी व सैद्धांतिक संगणकशास्त्र यांतील संशोधनासाठी अनेक संस्थांनी मिळून घेतलेली परीक्षा.
• गेट : मुख्यतः भारतीय तंत्रज्ञान संस्थांमधील प्रवेशासाठी उपयुक्त असलेली १०० गुणांची परीक्षा.

टीआयएफआरने दीर्घकाळ स्वतःची देशव्यापी प्रवेश परीक्षाही घेतली आहे. लेखी परीक्षेनंतर मुलाखत होते आणि सैद्धांतिक शाखेत तिला निर्णायक महत्त्व असते. तीत पाठांतरापेक्षा विचारपद्धती तपासली जाते. सरल आवर्ती दोलक, चौकटीत बंदिस्त कण, हायड्रोजन अणू किंवा चुंबकीय क्षेत्रातील परिवलन अशा परिचित विषयापासून आरंभ करून प्रश्न क्रमाने अपरिचित दिशेला नेले जातात व उमेदवाराने फळ्यावर उत्तर उलगडून दाखवावे अशी अपेक्षा असते.

पीएच.डी.पूर्वी संशोधनाची ओळख व्हावी यासाठी काही योजना आहेत. टीआयएफआर उन्हाळ्याच्या सुटीत अभ्यागत विद्यार्थी संशोधन कार्यक्रम चालविते, तर मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम राबविते.

अधिछात्रवृत्ती

पहिल्या दोन वर्षांत कनिष्ठ व त्यानंतर कामाच्या मूल्यमापनाअंती वरिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दिली जाते. केंद्र शासनाने ठरविलेले मासिक दर पुढीलप्रमाणे बदलत गेले :

• ऑक्टोबर २०१४ पासून : कनिष्ठ ₹२५,०००, वरिष्ठ ₹२८,०००
• जानेवारी २०१९ पासून : कनिष्ठ ₹३१,०००, वरिष्ठ ₹३५,०००
• जानेवारी २०२३ पासून : कनिष्ठ ₹३७,०००, वरिष्ठ ₹४२,०००

याशिवाय वसतिगृहात न राहणाऱ्या संशोधकांना शहराच्या वर्गवारीनुसार घरभाडे भत्ता मिळतो. दरवाढीचे कोणतेही निश्चित वेळापत्रक नाही. २०१९ व २०२३ या दोन्ही वाढींपूर्वी देशभरातील संशोधक विद्यार्थ्यांनी त्यासाठी आंदोलने केली होती.

२०१८–१९च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीखाली पहिली दोन वर्षे ₹७०,०००, तिसऱ्या वर्षी ₹७५,००० आणि नंतरची दोन वर्षे ₹८०,००० दरमहा अशी रक्कम ठरविण्यात आली. परिणामी एकाच विभागात सारखेच काम करणाऱ्या संशोधकांच्या उत्पन्नात मोठे अंतर पडू शकते.

महाराष्ट्रातील उमेदवारांसाठी राज्यस्तरीय पर्यायही आहेत. अनुसूचित जातींसाठी ‘बार्टी’, मराठा व कुणबी समाजासाठी ‘सारथी’ आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी ‘महाज्योती’ या संस्थांमार्फत संशोधन अधिछात्रवृत्त्या दिल्या जातात.

संशोधनाचे टप्पे

पहिल्या वर्षी अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात प्रगत पुंज यामिकी, सांख्यिकीय यामिकी, विद्युत गतिकी, गणितीय पद्धती आणि पुंज क्षेत्र सिद्धांत हे विषय असतात. विनियमांनुसार त्यासाठी किमान १२ श्रेयांक आवश्यक आहेत. या काळात विद्यार्थी निरनिराळ्या प्राध्यापकांकडे लघुप्रकल्प करतो व त्यानंतर मार्गदर्शकाची निवड होते.

दुसऱ्या वर्षाच्या सुमारास सर्वंकष परीक्षा होऊन प्रत्यक्ष संशोधनास आरंभ होतो. प्रारंभी मार्गदर्शक एखादा मर्यादित व बहुधा सुटेल असा प्रश्न देतो. पुढे प्रश्न स्वतः शोधण्याची क्षमता विद्यार्थ्यात यावी ही अपेक्षा असते आणि हाच या प्रशिक्षणातील सर्वांत कठीण टप्पा मानला जातो. महिनोन्‌महिने केलेल्या आकडेमोडीतून निष्कर्ष न निघणे, अथवा तोच निष्कर्ष दुसऱ्या गटाने आधी प्रसिद्ध करणे, हे या शाखेत असाधारण नाही. संशोधन सल्लागार समिती प्रगतीचा नियमित आढावा घेते.

अखेरीस प्रबंधाचा सारांश सादर करून जाहीर व्याख्यान दिले जाते. मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक प्रबंध तपासतात व त्यानंतर मौखिक परीक्षा होते. विनियमांनुसार किमान कालावधी तीन व कमाल सहा वर्षांचा असून पुनर्नोंदणीद्वारे दोन वर्षांची वाढ मिळू शकते. स्त्रिया आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. स्त्री संशोधकांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळू शकते.

उपलब्धता व मर्यादा

१९९१ साली पॉल गिन्स्पार्ग यांनी सुरू केलेल्या ‘अर्काइव्ह’ या विनामूल्य संग्रहामुळे सैद्धांतिक भौतिकीतील बहुतांश नवे शोधनिबंध कोणालाही वाचता येतात. तत्पूर्वी मोठ्या ग्रंथालयापासून दूर असणाऱ्या संशोधकाला नवे काम कळण्यास महिने लागत. ही अडचण आता उरलेली नाही.

मार्गदर्शनाची टंचाई मात्र कायम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनुसार प्राध्यापक एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापक सहा आणि सहायक प्राध्यापक चार पीएच.डी. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करू शकतो. मार्गदर्शकांची संख्या मुळातच कमी असल्याने जागाही कमी राहतात. कोणता प्रश्न हाती घ्यावा, कोणता सोडून द्यावा आणि मिळालेले उत्तर विश्वासार्ह आहे का, हे बहुतांशी चर्चेतूनच शिकले जाते. ज्या विभागात या विषयाचा एकच प्राध्यापक आहे तेथील विद्यार्थ्याला अशी चर्चा सहजी मिळत नाही. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने सैद्धांतिक उच्च ऊर्जा भौतिकीची अभ्याससत्रे दीर्घकाळ भरविली गेली आहेत. बंगळूरचे आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्रही देशभरातील विद्यार्थ्यांसाठी अभ्याससत्रे आयोजित करते.

स्त्रियांच्या सहभागाच्या संदर्भात मूलकण भौतिकीतज्ज्ञ रोहिणी गोडबोले यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. पुण्यात जन्मलेल्या गोडबोले यांनी हुजूरपागा व सर परशुरामभाऊ महाविद्यालय येथे शिक्षण घेतले, मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून एम.एस्सी. केले आणि १९७९ साली अमेरिकेतील स्टोनी ब्रुक येथून पीएच.डी. मिळविली. टीआयएफआर, मुंबई विद्यापीठ व भारतीय विज्ञान संस्था येथे त्यांनी काम केले. भारतीय स्त्री वैज्ञानिकांच्या आत्मकथनांचा ‘लीलावतीज डॉटर्स’ हा २००८ साली प्रसिद्ध झालेला संग्रह त्यांनी सहसंपादित केला.

पीएच.डी.नंतरच्या संधी

अध्यापन व संशोधनाच्या कायम पदासाठी पीएच.डी.नंतर सहसा दोन किंवा अधिक पीएच.डी.-पश्चात अधिछात्रवृत्त्या कराव्या लागतात व त्यांतील किमान एक बहुधा परदेशात असते. त्यामुळे कायम नोकरी मिळेपर्यंत अनेकांचे वय पस्तिशीच्या आसपास पोहोचते. काही संशोधक परदेशातच स्थायिक होतात. महाराष्ट्रातील शिरपूर येथे जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९७४ साली शिकागो विद्यापीठातून पीएच.डी. केली आणि अमेरिकेत राहून पुंज गुरुत्वाकर्षणाच्या एका प्रमुख विचारधारेचा पाया घातला. संशोधनसंस्थांबाहेर विदाविज्ञान, वित्तक्षेत्र, संगणक आज्ञावली आणि अलीकडे पुंज संगणनाचे उद्योग येथेही या प्रशिक्षणाला मागणी आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मान्यता दिली. २०२३–२४ ते २०३०–३१ या कालावधीसाठी त्याकरिता ₹६,००३.६५ कोटींची तरतूद करण्यात आली. त्याची चार विषयकेंद्रे बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था तसेच चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये असून संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र मुंबईकडे आहे. मिशनचा भर संगणक, संदेशवहन, संवेदक व पदार्थ यांच्या निर्मितीवर असल्यामुळे पुंज माहितीशास्त्रासारख्या उपशाखांना त्याचा थेट लाभ होतो. पुंज गुरुत्वाकर्षण किंवा पुंज यामिकीचे मूलाधार यांसारख्या तत्काळ उपयोग नसलेल्या विषयांचे संशोधन मुख्यतः संस्थांच्या नियमित अनुदानावर अवलंबून राहते.

मराठीतील स्थिती

या विषयाचे प्रबंध, शोधनिबंध व व्याख्याने इंग्रजीत असतात. नेट परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत उपलब्ध असते. मराठी माध्यमातून शालेय शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयीन पातळीवर भाषा बदलावी लागते. मराठी विश्वकोशातील नोंदींनी पुंज सिद्धांताची परिभाषा रुळविण्यास हातभार लावला. टीआयएफआरमधील सैद्धांतिक भौतिकीतज्ज्ञ भालचंद्र उदगावकर यांनी मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद भूषविले, तर जयंत नारळीकर यांनी मराठीतून विपुल विज्ञानलेखन केले. या लेखनामुळे संशोधनाची भाषा बदलली नसली, तरी अशा संशोधनाची वाट अस्तित्वात आहे हे लहान गावांतील विद्यार्थ्यांपर्यंत त्यांच्या स्वतःच्या भाषेत पोहोचू शकले.